वास थांबला की साहेब आला

"विजयसिंह, आमच्या दारावरनं फटफटी नेताना नाकाला रुमाल बांधतोस, तो आधी सोड. सोताच्या हातची घाण सोताला सोसवत न्हाय व्हय?"

कारखान्याशेजारच्या वस्तीतल्या दगडाबाईंचं हे पत्र मनातच राहिलं, कागदावर उतरलं नाही. उतरलं असतं तरी त्याच्या गेंड्याच्या कातडीवर काय ओरखडा उठणार होता!

विजयसिंह निमगाव केतकीच्या शिवारातल्या एका पत्रे रंगवायच्या कारखान्यात भट्टीवर होता. पत्र्यांवरचा रंग वाळताना निघणारी घातक वाफ भट्टीत जाळायची आणि मगच हवा वर सोडायची, एवढंच त्याचं काम. पण हा बहाद्दर गॅस वाचवून मालकाची शाबासकी मिळवायचा. भट्टी थंड, झडप उघडी, वाफ सरळ धुराड्यातून वस्तीवर! तपासणीच्या साहेबाची जीप फाट्यावर दिसली की तिथला चहावाला फोन करायचा. मग हा भट्टी पेटवायचा. ऑफिसात साहेबाचे पोहे संपेतो ती तापायची. वास थांबला की वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "साहेब आला गं," आणि गोधड्या वाळत टाकायच्या.

एकदा साहेब एसटीनं आला. वाट विचारायला दगडाबाईंच्या दारात थांबला.

"कारखाना तपासायला आलोय, आजी."

"कशाला थापा मारता? वास येतोय की! साहेब आल्यावर वास नसतोय."

साहेब काय ते समजला आणि तडक कारखान्याकडं निघाला. त्याला गेटवर बघून विजयसिंहची गाळण उडाली. त्यानं भट्टी पेटवली आणि ती तापायच्या आतच वाफ आत सोडली. अर्धवट जळलेला धूर वस्तीवर उतरला. दगडाबाईंची नात उत्कर्षा दम्याची. अंगणातच तिचा श्वास कोंडला.

दवाखान्यात पोर कशीबशी सावरली. डॉक्टरांनी औषध ओढायचा लहान मुलांचा मास्क सांगितला. तो बारामतीलाच मिळणार होता. कारखान्याला नोटीस लागली, तसा विजयसिंह हात जोडत दारात उभा.

"चुकलं, काकी. मी रोज बारामतीला जातोय. उद्या मास्क आणतो."

"उद्या म्हंजी उद्याच. पोरीच्या जिवाचं हाय."

"देवाशप्पथ, काकी."

दुसऱ्या दिवशी त्यानं चहावाल्याला एसटीतून उतरणारी माणसंही न्याहाळायला सांगितलं. ते बरं ध्यानात राहिलं! मास्क दगडाबाईंनी स्वतःच जाऊन आणला. पुढं विजयसिंह दारावरून गेला की त्या मुद्दाम विचारायच्या, "आणला का रं?"

रुमालाआडून उत्तर यायचं, "उद्या आणतो, काकी."