आजाऱ्यांचे भावोजी

आजारी पडायची खरी भीती वाटावी असा माणूस अख्ख्या घोडपदेवात एकच होता, आणि आमचं नशीब असं की तो आमच्याच बिऱ्हाडात होता. माझे थोरले दीर. चाळीत कुणी नुसतं शिंकलं तरी भावोजी दारात हजर. हातात मोसंबं नाही की औषधाची पुडी नाही, तोंडात एकच प्रश्न, "विम्याच्या दवाखान्यात गेलास काय?" माणूस तापानं फणफणलाय, बायको कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतेय, आणि हे उशाशी बसून त्याला कायदा शिकवणार. "डॉक्टरचा दाखला घे. दाखला चालू आहे तोवर मिलवाल्यांचा बाप तुला काढू शकत नाही. खात्याचा मुकादम, तो जॉबर, गोड बोलून राजीनामा पुढे करील. सही करू नको. आंगठो तर दिवच नको!" शेवटचं मालवणीत. त्याशिवाय कायद्याला जोर येत नाही, असा त्यांचा समज. खालच्या मजल्यावरची म्हातारी न्हाणीत घसरून पडली, तर तिलाही हे सगळं ऐकवून आले. ती बिचारी जन्मात मिलच्या फाटकाच्या आत गेली नव्हती. "असू दे, लेकाला सांगेल," म्हणाले.

हसायचो आम्ही, पण पट्ट्यात बोटं गेलेला फिटर, टीबी झालेले दोघे जण, सगळ्यांच्या नोकऱ्या यांच्या या चिवटपणानं वाचल्या होत्या, हे खोटं कसं म्हणू? आजाऱ्याला घेऊन साहेबाच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. साहेब जेवायला गेला तरी बसलेले, परत आला तरी बसलेले. साहेब चिडला की त्या दिवशी घरात यांना दोन भाकऱ्या जास्त लागत.

स्वतःचं मात्र नाव नको. कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात उभा जन्म गेला, रुईची धूळ छातीत बसली, चार पायऱ्या चढले की भात्यासारखा आवाज यायचा. विचारलं तर म्हणायचे, "तंबाखूचा ठसका गो." तंबाखूला या माणसानं कधी बोट लावलं नव्हतं! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा द्यायला मेले हेच पुढे. "मुंबईसह" म्हणेपर्यंत दम संपायचा, उरलेला महाराष्ट्र मागचे लोक पुरा करायचे. वर घरी येऊन ऐट, "सुरुवात कोण करतो, सांग!"

मग एकदा ते खात्यातच कोसळले. दवाखान्यात नेलं, दाखला मिळाला. मिलला आता त्यांना काढता येत नव्हतं. तेव्हा जॉबर घरी आला. माझ्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही खुशीनं राजीनामा द्या. तुमच्या जागी धाकट्याला कायम करतो." माझा नवरा त्याच मिलमध्ये बदली कामगार. रोज पहाटे फाटकावर उभं राहायचं. कुणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर हात हलवत घरी. त्यात मला दिवस गेलेले.

"दादा, सही करू नको," माझा नवरा म्हणाला. दोनदा म्हणाला.

"गप रे," भावोजी म्हणाले. "घरात एकाची तरी छाती धड आहे. तिचा उपयोग होऊ दे." मी पदर पुढे ओढून उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सही केली.

त्यांच्या मशीनवर दुसऱ्याच आठवड्यात जॉबरचा मेव्हणा आला. भावोजी धापा टाकत जाब विचारायला गेले, तर तो म्हणाला, "कुठं लिहिलंय तसं? तुम्हाला कायदा मी सांगू?" मुडदा बसवला त्याचा! माझा नवरा फाटकावरच राहिला. आणि चाळीतले आजारी आमच्याकडे यायचे बंद झाले. ज्यानं स्वतःच सही केली, त्याचं काय ऐकायचं? भावोजी गॅलरीत बसून असत. महाराष्ट्र राज्य झालं, चाळीभर पणत्या लागल्या, तेव्हाही बसूनच होते. घरात कुणी शिंकलं तरी मान वळवत नसत. तो शांतपणा मला बाई सोसवत नव्हता.

एका दुपारी हाताला बँडेज बांधलेला एक तरुण गॅलरीतून चालला होता. वरच्या खिशातून कागदाची घडी डोकावत होती. भावोजींनी ती बघितली.

"जॉबरनं दिला?"

"होय."

"सही करू नको."

तो थांबला. वाईट नव्हता, पण बोलून गेला, "तुम्ही केलीत ना पण?"

मला वाटलं, आता संपलं. भावोजींनी श्वास गोळा केला.

"केली," म्हणाले. "म्हणून तर आज दुपारी घरात आहे. बस."

तो बसला. मी आत येऊन चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून रडून घेतलं. बाहेर भावोजी एकेक शब्द सांगत होते, मध्ये थांबत होते, आणि तो पोरगा उठत नव्हता.