रेष हटवा

"पाय नाई हटत. रेष हटवा."

हवालदारांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा वलगावच्या कबड्डीच्या मैदानावर ऐकलं. मैदान चिंचोळं. एका अंगाला विहाराची भिंत, भिंतीला टेकलेली त्यांची खुर्ची आणि खुर्चीतून सरळसोट पुढे आलेला उजवा पाय. तो गुडघ्यात वाकत नसे. फक्कीची रेष नेमकी त्या पायाखालून जायची. पंचाने हात जोडले, खुर्ची पलीकडे लावून देतो म्हणाला. हवालदार सावली सोडायला तयार नाहीत. शेवटी खेळाडूंनी पायाला वळसा घालून रेष आखली. पंच बिचारा कपाळाला हात लावून उभा, पण मॅच वेळेवर सुरू झाली.

मी त्या दिवशी त्यांची सही घ्यायला गेले होते. अमरावतीच्या कोर्टात मी वकिली करते, आणि माजी सैनिकांची अपिलं माझ्याकडे येतात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बसच्या रांगेतही सावधानमध्ये उभी राहतात आणि सरकारी टपाल आलं की आधी चष्मा पुसतात.

हवालदारांना फौजेने घरी पाठवलं ते या गुडघ्यापायी. पलटणीत कंपन्या-कंपन्यांची कबड्डी होती. हे चढाईला गेले, पकडीत गुडघा निखळला, ऑपरेशननंतर पाय ताठला तो ताठलाच. त्यांनी अपंगत्वाचं पेन्शन मागितलं. ते मिळायचं तर दुखापत लष्करी सेवेमुळे झाली हे वरच्यांना पटावं लागतं. वरच्यांना पटलं नाही. खेळताना लागलं, नोकरीमुळे नाही, असं उत्तर आलं. पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही फेटाळलं. दोन्ही वेळा नुसत्या कागदांवरून.

"मले पाह्यलंच नाई त्याहिनं," हवालदार म्हणाले. "पाय पोष्टानं पाठवू का?"

पेन्शनची गरज होतीच, ती त्यांनी कधी लपवली नाही. पण झोंबलं होतं ते वेगळंच. गावात लोक म्हणायचे, फौजेत गेला आणि खेळात पाय मोडून आला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. पाय ड्युटीवर गेला, हे सरकारने म्हणायला हवं होतं.

तोवर ते सगळ्या जगाशी भांडायला मोकळे होते. एसटीत पुढच्या सीटवर बसायचे आणि पाय वाटेत. कंडक्टरने पाय घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सरकारी पाय आहे बाबू. सरकारले सांग." कंडक्टर पाय ओलांडून जायचा.

मेख त्यांच्या स्वतःच्याच जबाबात होती. दुखापतीनंतर पलटणीत चौकशी झाली तेव्हा यांनी सांगितलं होतं, मी माझ्या मर्जीने चढाईला गेलो, चूक माझीच. त्याच वाक्यावर दोन्ही अपिलं बुडाली. असं का सांगितलं म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. त्यांचा घोटा धरणारा अकोटचा होता, नुकताच भरती झालेला. शिट्टी झाल्यावरही जोशात त्याने पाय सोडला नव्हता. नाव घेतलं असतं तर त्याच्यावर ठपका आला असता.

मी म्हटलं, मग तेच आता प्रतिज्ञापत्रात लिहू. खरंच तर आहे.

हवालदारांनी टोपी डोक्यावर चढवली. "मैदानातलं मैदानातच रायते, बाई."

"अहो, पण हराल."

"हरू. पन त्याचं नाव नाई."

माझं डोकं फिरलं. दुसरा वकील बघा, असं मी त्यांना सुनावलं. दुसऱ्या दिवशी गृहस्थ ऑफिसात हजर. दाराशीच बसले, पाय उंबऱ्यावर आडवा. माझे सगळे पक्षकार तो पाय ओलांडून आत येत होते. दुपारी मी शरण गेले.

शरण जाण्याचा फायदा झाला. चूक कोणाची हा वादच मी सोडून दिला. मैदानावर पाठवलं कोणी, एवढंच धरलं. पलटणीने हुकमाने भरवलेला खेळ ही ड्युटीच असते. पण त्या दिवसाचा साक्षीदार हवा होता, आणि यांचं तोंड बंद.

साक्षीदार आपल्या पायाने आला, तोच अकोटचा घोटा धरणारा. अकोल्यात माजी सैनिकांच्या मेळाव्यात कुणीतरी ही केस त्याच्या कानावर घातली होती. तोही आता निवृत्त, मिशा पांढऱ्या. त्याला माझ्या ऑफिसच्या दारात पाहून हवालदार उखडले.

"तू कावून आला बे? तुले कोनं बलावलं?"

"तुमी त्या वक्ताले माह्यं नाव नाई घेतलं, दादा," तो म्हणाला. "आता मी घेतो."

घोटा मीच धरला, हे त्याने हट्टाने लिहायला लावलं. मॅचच्या आदल्या संध्याकाळी परेडवर खेळायला म्हणून दोघांची नावं पुकारली होती, हेही लिहिलं. हवालदार भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण उठून गेले नाहीत.

लष्करी न्यायाधिकरणापुढे सरकारी वकिलांनी तोच जुना जबाब वाचला. हवालदार स्वतःच्या मर्जीने गेले होते म्हणाले. खंडपीठाने त्या वकिलांनाच विचारलं, परेडवर नाव पुकारल्यावर जवानाला नाही म्हणता येतं का? माणूस प्रामाणिक होता. नाही येत म्हणाला. निकाल राखून ठेवला गेला.

बाहेर आल्यावर हवालदार माझ्या कानाशी लागले. "खरं सांगू बाई? हुकूम नसता तरी गेलोच असतो मी. लय आवडे मले." स्टेशन येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी मी त्यांना तंबी दिली. मला हसू आवरत नव्हतं, आणि हा माणूस मला किती आवडतो तेही त्याच वेळी कळलं.

निकाल यायच्या आधीच ते तापाने गेले. निकालाचा कागद घेऊन मी वलगावला गेले तेव्हा घराला कुलूप होतं. हवालदारीणबाई मैदानावर असतील, असं शेजारणीने सांगितलं.

मॅच सुरू व्हायची होती. भिंतीपाशी खुर्ची नव्हती. तरी खेळाडूंनी सवयीने तिथे वळसा घेऊनच रेष आखली होती. पंच नवा होता. रेष वाकडी आहे, सरळ करा, असं तो सांगत होता. आखणारे घुटमळत उभे होते.

बाईंनी माझ्या हातातला कागद पाहिला, घेतला नाही. "ड्युटी लिवलं काय त्याच्यात?"

"लिहिलंय."

"मंग वाचा मोठ्यानं."

मी कोर्टात वाचते त्याहून मोठ्याने वाचलं. खेळाडू थांबून ऐकत होते, मागची माणसंही उठून उभी राहिली. संपल्यावर बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पंचाकडे वळल्या.

"आता रेष नाई हटत," त्या म्हणाल्या. "करा सुरू."

पंचाने शिट्टी वाजवली.