चौदाच्या जागी बारा दात

विरार पूर्वेतली सगळ्यात मंद मोटरसायकल माझ्या आईची होती.

ती मंद मी केली होती. मुद्दाम, हिशोब करून.

आई आज सकाळी गेली.

मनवेलपाड्यात ती सगळ्यांची 'सिस्टर' होती. तिच्या गाडीबद्दल मात्र थोड्यांनाच माहीत आहे, म्हणून तेवढंच लिहिते. बाकीचं माझ्यापाशी ठेवते.

आई सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. दर बुधवारी लसीकरणाचा राउंड. चंदनसारच्या पुढे, हायवे ओलांडून, डोंगरातले पाडे.

एसटी अर्ध्या वाटेपर्यंत जायची. पुढे पायी.

म्हणून चाळिशी उलटल्यावर ती मोटरसायकल शिकली. मामाने नवी घेतली आणि जुनी शंभर सीसी तिला शिकायला दिली. स्कूटर का नाही? तर स्कूटरची लहान चाकं खडीत अडकतात.

पांढऱ्या साडीखाली बाबांची जुनी पँट घालून ती मैदानात चकरा मारायची. चाळीतल्या बायका हसायच्या.

"हसा. पण बाजूला उभ्या राहून हसा. मला अजून ब्रेक नीट येत नाही."

शिकायला ती गाडी उत्तम होती. अडचण शेवटच्या पाड्याच्या चढाची होती.

मागे मदतनीस कमलताई, त्यांच्या मांडीवर बर्फात ठेवलेल्या लसींचा डबा. चढाच्या मध्यावर पहिल्या गिअरमध्येही इंजिन गुदमरायचं. क्लच जळल्याचा वास यायचा.

"बाई, ही गाडी बसायला हाय का ढकलायला?"

"दोन्हीला. उतरा."

दोघी ढकलत वर पोचेपर्यंत पाड्यावरच्या आया मुलांना घेऊन मजुरीला निघून गेलेल्या असायच्या. असं दोन-तीनदा झालं.

मग डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, पुढच्या महिन्यापासून तो राउंड दुसऱ्या कोणाला देतो. तुम्ही इथेच ओपीडी बघा. आरामात."

आई घरी येऊन भाजी चिरत बसली. मग म्हणाली,

"तिथे सुईला बाळं घाबरत नाहीत, आया घाबरतात. कोणाशी आधी काय बोलायचं ते मला माहीत आहे. नवा माणूस जाईल, डबा उघडेल आणि परत येईल."

मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. रविवारी आम्ही दोघी गॅरेजवर गेलो.

गॅरेजवाला पिंट्या खूश झाला. "काकू, बोअर वाढवू. मोठा कार्ब्युरेटर टाकू. सायलेन्सर मोकळा करू. गाडी उडेल."

"मला उडायचं नाही रे. चढायचं आहे."

"तेच ते, काकू."

आई माझ्याकडे वळली. "तेच ते आहे का, सुजू?"

नव्हतं.

मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर इंजिनाला वरच्या आरपीएमला, म्हणजे ते जोरात फिरत असताना, ताकद देतात. आईला ती खाली हवी होती. पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवला तर थोडी ताकद मिळाली असती, पण त्या चढावर इंजिन तापलं असतं आणि डोंगरात कुठलं गॅरेज?

इंजिनाला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं छोटं दातेरी चाक, चौदा दातांचं होतं. त्या जागी बारा दातांचं बसवलं. चाकावरची ओढ सहाव्या हिश्शाने वाढते.

"पण आई, टॉप स्पीड जाईल."

"किती?"

"सातवा हिस्सा."

"जाऊ दे. मी कधी वापरलाय तो?"

पिंट्याने नट आवळला, पण त्याचं मन लागेना. "काकू, ही गाडी आता रोडवर कोणाला ओव्हरटेक करणार नाही."

पुढच्या बुधवारी मी तिथे नव्हते. हे कमलताईंनी सांगितलेलं.

चढ आला तशी त्यांनी सवयीने उतरायला पाय बाहेर काढला.

"बसा," आई म्हणाली.

"बाई, चढ आला."

"दिसतोय मला. बसा."

कमलताईंनी डबा घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. इंजिन ओरडत होतं, पण गुदमरलं नाही. वर वडाखाली आई थांबली.

"उतरा आता."

"पोचलो? मंग एक डाव खाली नेऊन परत वर आना की."

आया अजून घरीच होत्या. सगळ्या बाळांना लस मिळाली. त्या महिन्यात एकही पाडा चुकला नाही.

महिनाअखेरीला डॉक्टरसाहेबांनी राउंड दुसऱ्याला देण्याचं नाव काढलं नाही. म्हणाले, "सिस्टर, मग शुक्रवारचा पलीकडचा राउंडही तुम्हीच करा."

"तुझ्यामुळे काम वाढलं," असं मला म्हणत आई घरात शिरली. आल्या आल्या तिने शेजारच्या दोन्ही घरांत ते सांगून टाकलं.

हायवेवर ट्रकवाले तिला हॉर्न मारून वैतागायचे. आमच्या गल्लीतली मुलं, मोकळ्या सायलेन्सरवाली, म्हणायची, "काकू, चालत गेलात तर लवकर पोचाल."

"हो का? बुधवारी वर पाड्यावर भेट मग."

कोणी आलं नाही कधी.

मी मोटरसायकलींच्या कंपनीत काम करते म्हणून माझं लिखाण वाचणारे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, की शंभर सीसीच्या गाडीवर मॉडिफिकेशन करण्यात अर्थ आहे का. बहुतेक वेळा नाही. गाडी तापते, जास्त पेट्रोल पिते आणि लवकर म्हातारी होते. पण गाडीने नेमकं काय करायला हवं, हे एका वाक्यात सांगता येत असेल, तर आहे. आईला ते दोन शब्दांत सांगता आलं होतं: चढायचं आहे.

ती निवृत्त होईपर्यंत दोन्ही राउंड तिचेच राहिले.

मला तुझा अभिमान वाटतो, हे मी तिला सांगितलं होतं. एकदाच, निवृत्तीच्या दिवशी, खाली गाडीपाशी.

ती म्हणाली, "बरं. चेन सैल झालीय बघ जरा."

मी तिथेच बसून चेन ताणून दिली. ती शेजारी उभी राहून बघत होती.

आई, नमस्कार.