उंबऱ्याखालचं गाडगं

वैशाखातली सकाळ. सात वाजायचे होते, पण गुजरातेतल्या लिंबायतच्या गल्लीत बनियन अंगाला चिकटायला लागलं होतं. हजिऱ्याकडून येणारा वारा ओल्या फडक्यासारखा तोंडावर पडायचा. मालतीबाई भुशाच्या शेगडीपुढे बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. कापडाच्या लूमवरची रात्रपाळी सुटली की वीसेक खानदेशी माणसं तिच्या वीशीत, म्हणजे खानावळीत, जेवायला यायची, आणि भाकरी जरा उशिरा पडली की तोंडं वाकडी करायची.

आज मात्र भाकरीकडे कुणाचं ध्यान नव्हतं. महापालिकेची निवडणूक आठ दिवसांवर आलेली. उभा होता योगेंद्र, मालतीबाईच्याच गावचा, शिंदखेड्याकडचा.

पांडुरंगनं जेवता जेवता पत्रक वाचलं. "योगेंद्र खानदेशी नाही. तो बारडोलीत जन्मला. गुजरात्याला मत देऊ नका."

उखानं हात पुसून खिशातून दुसरा कागद काढला. "हे गुजराती शे. पर्वत पाटियाच्या गुजराती वस्तीत वाटी ऱ्हायनात. यात लिहेल शे, हा परप्रांती, खानदेशात जन्मला, याले मत देऊ नका."

"मंग तो जनमना का नई?" पांडुरंगनं विचारलं.

"दोन गावी जनमना. मत बी दोनदा मागी," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"हसू नका. खाले पाहा, छापखाना दोन्हीवर एकच शे," उखा म्हणाला.

हे कोण करतंय, कुणालाच उमगेना. पांडुरंग मालतीबाईकडे बोट करून म्हणाला, "मावशीले इचारा. तिनी माय गावनी सुईण व्हती. मावशी रविवारी सभेत कानबाई देवीनी आन घेणार शे, तो गावलेच जनमना म्हनून."

मालतीबाईनं कालच हो म्हटलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या मायनं योगेंद्रच्या घराच्या उंबऱ्याखाली त्याची नाळ पुरली, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. नाळ पुरली तिथं माणूस जन्मला, आणखी काय असतं? पण बारडोलीचं नाव कानावर पडलं आणि तिचा हात भाकरीवरच थांबला.

बारडोलीला ऊसतोडीला तर तिच्या घरचेही जायचे. अर्धं गाव जायचं, योगेंद्रचे मायबाप धरून. माय तिथंही बाळंतपणं करायची. परतताना बैलगाडीत मायनं तिच्या मांडीवर एक गाडगं दिलं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. "सोडू नको आन् पाहू नको." तिला वाटलं, गूळ. चार दिवस ती त्या गाडग्याला चिकटून बसली. मग गूळ गेला कुठं?

तव्यावरची भाकरी करपली. उखा ओरडला, "मावशी, धूर!"

गूळ जमिनीत गेला होता. माय खड्डा करत होती आणि आपण बाजूला भोकाड पसरून रडत होतो, गूळ पुरला म्हणून. पण तो खड्डा कुणाच्या उंबऱ्याखाली? की ही दोन वेगळी वर्षं?

माणसं जेवून झोपायला गेली. तेवढ्यात योगेंद्र आला. जीप त्यानं नाक्यावरच सोडली होती. आत येऊन पाटावर बसला, पाणी मागून प्यायला.

"अक्का, रविवारचं ध्यानात शे ना?"

"शे. पन तू एक सांग भाऊ. तुन्ही माय काय सांगे?"

योगेंद्रनं तांब्या खाली ठेवला. "पाहुणे असले का गावाचं नाव सांगे. मी मस्ती केली का म्हने, उसाच्या पाल्यात पडेल शे तू. मी तुलेच इचारणार व्हतो, अक्का. मी कोठे जनमनू?"

"माले ठावं नई," मालतीबाई म्हणाली आणि गाडग्याची सगळी हकीकत सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "तुन्ही नाळ व्हती का दुसऱ्या कोणी, माले तर तव्हा गूळच वाटे."

त्याला हसू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"मंग रविवारी काय सांगशी?"

"पाहेल शे तेच सांगसू. गाडगं पुरलं ते सांगसू, आन् गाडीतून आणलं ते बी. अर्धं सांगीसन मायनं नाव कसं घेऊ?"

"आपले म्हनतीन बारडोलीचा. पाटियाचे म्हनतीन, नाळ तर तिकडे शे."

"मंग खरं काय धरतस?"

"ते माले बी कळत नई." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तू येऊ नको रविवारी." रागानं बोलला की तिची दया येऊन, तिला ताडता आलं नाही. दोन पावलं जाऊन परत वळला. "तो उंबरा अजून शे का गावले?"

"तुन्हा पुतण्यांनी लादी बसाडी त्यावर."

योगेंद्रनं मान हलवली आणि गेला. नाक्यावर जीपचा भोंगा सुरू झाला, 'तुमचा हक्काचा माणूस'. मालतीबाई ऐकत राहिली. मायला विचारायला हवं होतं, आणि माय जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दिवसपाळीचे डबे बाकी होते. तिनं परात ओढली, पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि हात थांबला. मीठ टाकलं होतं का? काही केल्या आठवेना. तिनं ओल्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवली, चिमूटभर मीठ टाकलं आणि मळायला लागली.