दोनदा मोडलेली काडी

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्ही म्हणता तो कायदा आज आहे कुठे?"

कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. साहेब पुण्याकडून बदलून आलेले. दरबारचे कायदे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि त्या कायद्यांचं पुढे काय झालं हे मला नीट माहीत नव्हतं. मी पुढची तारीख मागून घेतली. वकिलाला दुसरं काही येवो न येवो, तेवढं पहिल्या दिवसापासून येतं.

माझी अशील रत्नाबाई मांडीवर तान्ही मुलगी घेऊन मागच्या बाकावर बसली होती. ती हुपरीची. नवरा घरीच पैंजण घडवायचा, ती घुंगरं जोडायची. हा तिचा दुसरा नवरा. पहिला दत्तू, आजऱ्याकडचा. त्याने फिर्याद केली होती की, ही माझी लग्नाची बायको असून मी जिवंत असताना हिने दुसरं लग्न केलं. हा गुन्हा शाबित झाला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. मांडीवरची मुलगी अनौरस ठरली असती ते वेगळंच.

दत्तूला हे आताच का सुचलं, असं मी विचारलं तेव्हा रत्नाबाई म्हणाली, "त्येची आई वारली. भाकरी करायला घरात कोन न्हाई."

वास्तविक दोघांचा घटस्फोट झालेला होता. संस्थानात घटस्फोटाचा कायदा होता. त्याखाली रत्नाबाईने अर्ज केला, दत्तू हजर राहिला, आणि कोर्टाने हुकूम दिला. हुकमाची नक्कल आमच्याकडे होती. त्या नकलेबद्दल कोणाचा वादही नव्हता. घरच्यांनी त्यावर गावात पंच बसवून काडीमोडही केली. काडीमोड म्हणजे चारचौघांसमोर गवताची काडी मोडायची आणि नातं संपलं म्हणायचं. कोर्टाच्या कागदापेक्षा गावाचा विश्वास काडीवर जास्त. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

घोटाळा केला तिच्या भावाने, बापूने. माणूस फार काळजीवाहू. संस्थान गेलं, रत्नाबाईचं हुपरीत लग्न लागलं, आणि मग कोणीतरी बाजारात बापूला सांगितलं की दरबारचे कायदे मुंबई सरकारने रद्द केले. बापूची झोप उडाली. त्याने कोणाला न विचारता पुन्हा पंच बसवले, दत्तूला फेटा बांधून सन्मानाने बोलावलं आणि दुसऱ्यांदा काडी मोडून घेतली. नव्या राज्यातही पक्कं असावं म्हणून.

दत्तूच्या वकिलाने नेमकं हेच धरलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. दरबारचा कायदा रद्द झाला, त्याबरोबर त्याखालचा घटस्फोटही गेला. हे आम्ही म्हणत नाही, आरोपीच्या सख्ख्या भावाचंच हे मत होतं. नाहीतर तिचं दुसरं लग्न झाल्यावर पुन्हा काडी कशाला मोडली? म्हणजे त्या दिवसापर्यंत ती दत्तूचीच बायको होती.

मला बापूचा मनस्वी राग आला. पण खरं सांगायचं तर तो एकटा चुकला नव्हता. आमच्याकडे महाराजांची सही झाली, दरबारच्या गॅझेटात हुकूम आला की झाला कायदा. लोकांच्या मनात राजा आणि कायदा एकच. राजा गेला म्हणजे कायदा गेला, आणि कायदा गेला म्हणजे त्याने दिलेलं सगळं गेलं. चांगले शिकलेले लोकही माझ्याशी असंच बोलत.

विधिमंडळाचं काम निराळं असतं. आधी विधेयक गॅझेटात छापतात. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. त्याच्या शेवटी हा कायदा कशाला हवा याची कारणं दिलेली असतात. मग सभागृहात त्याची तीन वाचनं होतात, कलमवार चर्चा होते, दुरुस्त्या होतात. मग राज्यपालांची संमती, आणि पुन्हा गॅझेट. एवढं होऊनही कायदा लागू झाला असं नाही. कुठे आणि कधीपासून लागू, हे पुष्कळदा वेगळं नोटिफिकेशन काढून सांगतात. वर्तमानपत्रात 'कायदा पास' असं वाचून जो माणूस कामाला लागतो, तो शेवटी आमच्याकडे येतो. आमचा धंदा चालतो त्यावर.

मी शोधायला लागलो. बार लायब्ररीत दरबारच्या गॅझेटचे बांधीव खंड होते. त्यात घटस्फोटाचा कायदा मिळाला. तो पुढे कधी बदलला का, हे बघायला नंतरचे सगळे खंड चाळावे लागले, कारण सूचीवर विसंबायची मला भीती वाटत होती. बदललेला नव्हता. मग तो रद्द करणारा मुंबईचा कायदा बघितला. विलीन झालेल्या संस्थानांना मुंबईचे कायदे लावण्यासाठी तो केलेला होता. एका खाजगी प्रकाशकाचं जाडजूड पुस्तक आमच्या ऑफिसात होतं, त्यात तो होता. परिशिष्टात आमचा घटस्फोटाचा कायदा रद्द म्हणून स्पष्ट छापलेला. बाजारातली बातमी खरी होती.

मी पुस्तक मिटलं. रत्नाबाईला काय सांगायचं हे सुचेना. मुलीचं बारसं झालं का, असं मी तिला उगीचच विचारलं होतं, आणि तिने निकालापर्यंत थांबवलंय असं सांगितलं होतं. ते आठवून फार वाईट वाटलं.

आमचे सीनिअर आबासाहेब संध्याकाळी ऑफिसात आले. मी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं. त्यांनी परिशिष्ट बघितलंच नाही. मागची दोन पानं उलटली आणि शेवटच्या कलमावर बोट ठेवलं. तिथे कलमाचा आकडा होता, एक फुली होती आणि खाली बारीक अक्षरात 'येथे अनावश्यक म्हणून गाळले' अशा अर्थाची टीप.

"कुलकर्णी, हे कुणाला अनावश्यक?" त्यांनी विचारलं.

"प्रकाशकाला असेल."

"पुस्तक छापणारा दुकानदार असतोय. कायदा सरकार छापतं. गॅझेट बघून या, मग तोंड पाडून बसा."

दुसऱ्या दिवशी मी कलेक्टर कचेरीत गेलो. मुंबई सरकारची गॅझेटं तिथे सुटीच गठ्ठ्यांत बांधून ठेवलेली होती. तिथल्या क्लार्कने खोली दाखवली आणि तो आपल्या कामाला गेला. मी गठ्ठे सोडत बसलो. आधी विधेयक सापडलं. मोठ्या आशेने त्याची कारणं वाचली. राज्यभर एकच कायदा असावा, एवढंच गुळमुळीत लिहिलेलं. आमच्या उपयोगाचं काही नाही. मग संमती मिळालेला कायदा सापडला, आणि त्यात ते गाळलेलं कलम पूर्ण छापलेलं होतं.

त्याला आम्ही सेव्हिंग क्लॉज म्हणतो. मराठीत त्याला राखणीचं कलम म्हणायला माझी हरकत नाही. जुना कायदा रद्द करताना नवीन कायदा त्यात सांगतो की जुन्याखाली जे होऊन गेलं ते झालेलंच धरा. दिलेले हुकूम, मिळालेले हक्क, सगळं कायम. रद्द झाला तो पुढचा रस्ता. मागे चालून झालेली वाट कोणी खोदत नाही. मी ते कलम उभ्या उभ्या तीनदा वाचलं आणि मला हसू आलं. मग क्लार्कला विचारून त्याची सही-शिक्क्याची नक्कल घेतली.

तारखेला मी दरबारच्या आणि मुंबईच्या अशा दोन्ही गॅझेटांचे उतारे कोर्टापुढे ठेवले. समोरच्या वकिलांनी आमचंच जाडजूड पुस्तक आणलं होतं. साहेबांनी त्यातली फुली बघितली, मग नक्कल बघितली, आणि पुस्तक बाजूला सरकवलं. दुसऱ्या काडीबद्दल मात्र त्यांनी बापूला पिंजऱ्यात बोलावून स्वतःच विचारलं.

"पहिल्यांदा सुटका झाली होती ना? मग पुन्हा काडी का मोडली?"

"राज बदललं की, साहेब," बापू म्हणाला. "म्हटलं नव्या सरकारलाबी एकदा दाखवून ठेवावं."

"सरकार तिथे होतं का?"

बापूने जरा विचार केला. "न्हवतं," तो म्हणाला.

साहेबांनी निकालात लिहिलं की घटस्फोट पहिल्या हुकमाने झाला आणि तो नव्या कायद्याने राखलेला आहे. जे एकदा संपलं ते पुन्हा संपवल्याने मधल्या काळात जिवंत होत नाही, आणि कायदा काय आहे हे आरोपीच्या भावाच्या समजुतीवरून ठरत नाही. फिर्याद काढून टाकली. दत्तू बाहेर गेला.

बाहेर व्हरांड्यात रत्नाबाईने मला विचारलं, "म्हंजे पयलीच काडी खरी?"

"पहिली काडीही नाही. कोर्टाचा हुकूम खरा."

"आन् हे राज बदललं तर?"

मी तिला सांगितलं की तेव्हाही कुठेतरी असं कलम असेल, आणि नसलं तर मी आहे. तिने मान डोलावली. मुलीला नवऱ्याकडे देऊन ती पदराने डोळे पुसायला लागली. तेवढ्यात बापू जवळ आला आणि फेट्यात खोचलेली गवताची काडी त्याने हळूच बाहेर काढली. दत्तू अजून फाटकापाशीच हाय, असं तो मला म्हणाला. सगळे आहेत तोवर पुन्हा एकदा पक्कं करून टाकावं, असा त्याचा विचार होता.

रत्नाबाईने ती काडी त्याच्या हातातून घेतली. "दादा, आता घरी चल. पोरीचं बारसं करतो मी," ती म्हणाली, आणि काडी न मोडता तिने ती व्हरांड्याखाली टाकून दिली.

तेव्हापासून मी कुठलाही कायदा शेवटच्या पानापासून वाचतो, आणि अशील आला की आधी विचारतो, खबरदारी म्हणून आणखी काय काय करून ठेवलंय?