जड पाण्यातला साबण

सूत महाग झालं, घरातला माग अधूनमधून बंद राहू लागला, तेव्हा वडिलांनी साबण करायचं मनावर घेतलं. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. नागपूरच्या आमच्या कोष्टी गल्लीत तेव्हा बरेचजण दुसरं काम शोधत होते. वडील एका नातेवाइकाकडून कृती शिकून आले. मोहाच्या बियांचं तेल, पाण्यात विरघळवलेला कास्टिक सोडा आणि अंगणातली कढई. घोटून घट्ट झालं की लाकडी चौकटीत ओतायचं, मग तारेने वड्या कापायच्या.

गल्लीतल्या बायका नळावर त्या साबणाने कपडे धूत. फेस भरपूर यायचा. पुढे इतवारीतल्या एका दुकानदाराने माल ठेवला आणि आमच्या वड्या हुडकेश्वरच्या पलीकडच्या खेड्यांत जाऊ लागल्या. त्या दिवसांत वडील काम करताना गुणगुणत असत.

तक्रार तिकडूनच आली. बाजाराला आलेली एक शेतकरीण दुकानदाराला विचारत विचारत थेट आमच्या दारात उभी राहिली. तिने नवऱ्याचं धोतर पसरलं. त्यावर राखाडी, चिकट थर बसला होता.

"काय मिसळून राहिले गा तुमी यात? शंखजिरं का माती?"

"काही नाही, बाई. तेल अन् सोडा, बस."

"मंग फेस काहून येत नाही? नुसता साका येते."

वजन वाढवायला शंखजिऱ्याची पूड घालणारे खरंच होते. त्यामुळे गल्लीलाही तिचंच पटलं. दुकानदाराने माल परत केला. साबणच कमजोर पडतोय असं वाटून वडिलांनी कास्टिक वाढवला. ती वडी आधी आईने वापरली. तिच्या बोटांची कातडी सोलून निघाली. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "हे दुसऱ्या बाईच्या हाती देऊ नका." कढई मोडीत गेली आणि वडील एका कापड गिरणीत मजुरीला लागले.

बऱ्याच वर्षांनी मी विज्ञानाच्या कॉलेजात गेले. एकदा सरांनी दोन नळ्यांत सारखाच साबण घालून हलवला. पावसाच्या पाण्यात फेस आला, विहिरीच्या पाण्यात पांढरट गुठळ्या. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून मळ सुटतो, असं ते सांगत होते. पण विहिरीच्या पाण्यात चुना असला, की साबण त्यालाच चिकटतो आणि त्याचा साका होतो. मला ते धोतर दिसू लागलं.

संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं.

"म्हणजे पानी खराब व्हतं?"

"खराब नाही, बाबा, जड. विहिरीच्या पाण्यात चुना असतो, आपल्या नळाच्या पाण्यात तेवढा नव्हता. त्यात आधी थोडा धुण्याचा सोडा टाकून पाणी निवळू दिलं असतं, तर तुमचाच साबण चालला असता."

त्यांनी खुंटीवरचा सदरा काढून धुवायला टाकला. मग म्हणाले, "त्या बाईले सांगून येऊ."

रविवारी ते धुतलेला सदरा घालून निघाले. मीही सोबत होते. त्या दुकानदाराला तिचं गाव ठाऊक होतं; तिथे विचारपूस करत घर सापडलं. विहिरीजवळ ती दुकानातल्या नव्या साबणाने कपडे धूत होती, आणि बादलीत तोच साका तरंगत होता. वडिलांनी आपण कोण ते सांगितलं. तिला काही आठवेना.

"साबन? अवं, सारेच साबन असे असतात," ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

वडिलांनी तिला सोड्याचं समजावून सांगितलं. तिने मान हलवली, आम्हाला चहा पाजला. परतताना ते एवढंच म्हणाले, "तिले यादच नाही."

पुन्हा सुरू करू या, असं मी नंतर एकदा सुचवलं. आता ते होणार नाही, म्हणाले. खरं कारण कळेपर्यंत ते नशिबाला बोल लावून निवांत होते. आपला साबण चांगला होता, हे कळल्यावर मात्र ते अंगणातल्या, कढई असायची त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसत. मला अजूनही कधीकधी वाटतं, हे ज्ञान आमच्या घरात एकतर वेळेवर यायला हवं होतं, नाहीतर यायलाच नको होतं.