पावाच्या भट्टीतल्या स्प्रिंगा
गरम पावाचा वास आला की नळदुर्गच्या हमरस्त्यावरचं आमचं मुलाम्याचं दुकान आठवतं. ब्रेकच्या स्प्रिंगांवर जस्त चढवून मी त्या शेजारच्या बेकरीत भाजायला निघालो, तर आमचे मालक दारात आडवे. "चमकतायत की! ट्रकवाला थांबलाय, देऊन टाक." म्हटलं, "जस्ताआधी तेजाबात धुतो, त्यानं पोलाद आतून ठिसूळ होतंय; भाजलं की ते जातंय. भाजल्याबिगर एकबी देणार न्हाय, पायजे तर कामावरनं काढा." चिडून त्यांनी एक स्प्रिंग दोन खिळ्यांत ताणून अडकवली. "कुठं तुटती?" त्यांचा चहा संपायच्या आत, कुणी हातही न लावता, ती टक्कन तुटली. मालक दारातून बाजूला सरले. बाहेर हॉर्न वाजतच होता. वाजू दे म्हटलं. स्प्रिंगा पुऱ्या भाजेपर्यंत भट्टीपुढून हललो नाही. आजही कुणी घाई लावली तर हलत नाही.